जुन्या पोर्टेबल टर्मिनलची मॅन्युअलं कुठे मिळतात? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळा साफ करताना सूटकेससारखं काहीतरी निघतं. झाकण उघडलं की आत कीबोर्ड, कागदाचा रोल आणि टेलिफोनचा रिसीव्हर ठेवायला दोन रबरी वाट्या. घरातलं कोणीतरी म्हणतं, "बाबांचं ऑफिसचं काहीतरी आहे," आणि दुसरं कोणीतरी माझा नंबर देतं. असे फोन इतके येतात की तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी. मी हौशी माणूस आहे. दुरुस्ती थोडीफार येते, पण माझा जास्त वेळ कागद शोधण्यात जातो.

माझ्याकडचा डबा टर्मिनल आहे की कॉम्प्युटर, हे कसं ओळखू?

टर्मिनल स्वतः काही हिशोब करत नाही. तुम्ही दाबलेली अक्षरं तारेवरून दूरच्या कॉम्प्युटरकडे पाठवायची आणि तिकडून आलेली अक्षरं कागदावर किंवा पडद्यावर उमटवायची, एवढंच त्याचं काम. १९९५च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ज्यांनी शेल अकाउंट (नुसत्या अक्षरांचं इंटरनेट) घेतलं त्यांना हे लगेच कळेल. तेव्हा आपला पीसी व्हीटी१०० टर्मिनलचं सोंग घेऊन बसायचा. तुमच्या माळ्यावर आहे ते सोंग नाही, मूळ पात्र आहे.

फ्लॉपी ड्राइव्ह नसेल, मागे पंचवीस पिनांचं सॉकेट असेल आणि वर रबरी वाट्या असतील, तर टर्मिनलच समजा. मधली जमातही आहे. टॅंडीचं टीआरएस-८० मॉडेल १०० (१९८३) हा चार पेन्सिल सेलवर चालणारा पूर्ण कॉम्प्युटर, पण अमेरिकन आवृत्तीत ३०० बॉडचा (बॉड म्हणजे तारेवरून पाठवण्याच्या वेगाचं माप) मोडेम आतच असल्यामुळे पत्रकार मंडळी त्याचा टर्मिनलसारखा सर्रास वापर करत. त्याची मॅन्युअलं मात्र कॉम्प्युटरच्या कप्प्यात सापडतात, टर्मिनलच्या नाही.

मॉडेलचं नाव टाकून शोधलं. काहीच येत नाही, किंवा भलतंच येतं. का?

कारण तुम्ही जे नाव टाकताय ते विक्री विभागाने ठेवलेलं आहे. मॅन्युअल लिहिणाऱ्या विभागाने त्याच यंत्राला वेगळा क्रमांक दिलेला असतो आणि स्कॅन करणाऱ्याने फाइलला तोच क्रमांक दिलेला असतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'सायलेंट ७००' लिहिलंय म्हणून तेवढंच शोधलंत, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची दहाबारा वेगवेगळी यंत्रं समोर येतील. सायलेंट ७०० हे घराण्याचं नाव. तुमचं यंत्र ७३३ आहे, ७४३ आहे, ७४५ आहे की ७६५, ते खालच्या पट्टीवर बघावं लागतं.

म्हणून यंत्र उलटं करा. खाली पांघरूण घाला आधी, नाहीतर कळा तुटतील. तळाशी किंवा मागे धातूची नाहीतर चंदेरी कागदाची पट्टी असते. तिच्यावरचं सगळं उतरवून घ्या: मॉडेल, पार्ट नंबर, सिरिअल नंबर, व्होल्टेज, अँपिअर. मॉडेल आणि पार्ट नंबर यांत लोकांचा हमखास घोळ होतो. दोन्ही लिहा, शोधताना दोन्ही आलटून पालटून वापरा.

पट्टी निघून गेली असेल तर झाकण काढून सर्किट बोर्डाच्या कडेला छापलेला क्रमांक बघा. आयसींवर, म्हणजे बोर्डावरच्या काळ्या चिपांवर, चार आकडी तारीखही असते. ७८३२ म्हणजे १९७८ सालचा बत्तिसावा आठवडा. इथे एक गंमत आहे. ७४३२ नावाची ऑर गेटची आयसीही बाजारात आहे, त्यामुळे एखाद्या ७४०४ आयसीवर खाली ७४३२ लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस चक्रावतो. ती आयसी ७४०४च, फक्त १९७४च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेली. बोर्डावरच्या बहुतेक आयसींतली सगळ्यात उशिराची तारीख घ्या. यंत्र त्यानंतर थोड्याच दिवसांत जोडलं गेलं असणार. एखादीच आयसी बाकीच्यांपेक्षा चारपाच वर्षांनी नवीन असेल तर ती दुरुस्तीत बदललेली आहे.

मॅन्युअल म्हणजे एकच पुस्तक ना?

नाही, आणि इथेच लोक अर्ध्यावर थांबतात. ऑपरेटरचं मॅन्युअल वेगळं: कागद कसा घालायचा, कोणता स्विच कशाचा. दुरुस्तीचं मॅन्युअल वेगळं, त्यात व्होल्टेज आणि जुळणी. सर्किटच्या मोठ्या घड्यांची फाइल बऱ्याचदा तिसरीच असते आणि सुट्या भागांची चित्रांसकट यादी चौथी. 'मॅन्युअल मिळालं' म्हणून कोणी आनंदाने फोन केला की मी पहिलं विचारतो, कोणतं? यंत्र चालू असेल तर पहिलं पुरतं. बंद असेल तर दुसरं आणि तिसरं मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कागदाचा क्रमांक वाचायचा कसा?

प्रत्येक कंपनीची आपली रीत. डिजिटल इक्विपमेंटच्या हार्डवेअर मॅन्युअलांची सुरुवात 'ईके'ने होते, मग यंत्राचं नाव, मग प्रकार, शेवटी आवृत्ती. 'ईके-व्हीटी१००-यूजी' म्हणजे वापरणाऱ्यासाठी, 'टीएम' असेल तर तांत्रिक. सर्किटच्या नकाशांच्या संचाला 'एमपी' लागतं. त्यांचं हातात नेण्याजोगं छापणारं टर्मिनल म्हणजे एलए१२, ऊर्फ कॉरस्पॉन्डंट. तेही याच पद्धतीने शोधायचं.

ह्यूलेट-पॅकार्डकडे पाच आकडे, आडवी रेघ, पाच आकडे. पहिले पाच बहुधा यंत्राचाच क्रमांक, सुरुवातीला शून्य लावून. रेघेनंतर ९०ने सुरुवात झाली की समजायचं हे पुस्तक आहे, सुटा भाग नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या त्या काळातल्या मॅन्युअलांच्या क्रमांकाचं शेपूट बहुधा ९७०१ असतं.

हे क्रमांक शोधताना अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे. एकदा आडव्या रेघांसकट आणि एकदा रेघा काढून.

आणखी एक. टेक्सासची यंत्रं जोडीने यायची. ७४३ टेबलावर ठेवायचं, ७४५ तेच पण कपलरसकट, म्हणजे त्या रबरी वाट्यांसकट, हातात न्यायचं. ७६३ आणि ७६५ ही बबल मेमरीची (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी) जोडी, १९७७ची. तुमच्याकडे ७४५ असेल आणि काही मिळत नसेल तर ७४३ शोधा.

ऑनलाइन आधी कुठे बघू?

बिटसेव्हर्स. या संग्रहात शोधायची सोय यथातथाच, त्यामुळे शोधत बसू नका, कपाट उघडल्यासारखं बघा: आधी कंपनीचा फोल्डर, त्यात टर्मिनलचा फोल्डर. फाइलच्या नावातच बहुधा कागदाचा क्रमांक, शीर्षक आणि महिना-साल असतं. टर्मिनलच्या फोल्डरमध्ये नाही मिळालं तर त्याच कंपनीच्या कॅटलॉगच्या आणि ब्रोशरच्या फोल्डरमध्येही डोकवा. यातल्या बऱ्याच फाइली इंटरनेट आर्काइव्हवरही आहेत आणि तिथे पुस्तकाच्या आतल्या मजकुरात शोधता येतं. म्हणून माझी पद्धत अशी: शोधायचं आर्काइव्हवर, उतरवून घ्यायचं बिटसेव्हर्सवरून.

तिसरी जागा मॅन्क्स. ही मॅन्युअलांची सूची आहे. जे कागद कुठेच स्कॅन झालेले नाहीत त्यांचेही क्रमांक इथे सापडतात. 'स्कॅन उपलब्ध नाही' असं दिसलं की लोक हिरमुसतात. मला उलट आनंद होतो, कारण असं पुस्तक खरंच छापलं गेलं होतं हे कळलं आणि आता त्याचा क्रमांक माझ्याकडे आहे.

डिजिटलच्या पडद्यावाल्या टर्मिनलांसाठी व्हीटी१०० डॉट नेट, ह्यूलेट-पॅकार्डसाठी एचपी कॉम्प्युटर म्युझियम. एखादी जुनी साइट बंद पडली असेल तर तिचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा.

कंपनीच बंद पडली असेल तर?

मग ती कोणी गिळली ते बघायचं. डिजिटल १९९८ साली कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ साली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये गेली. बरोज आणि स्पेरी मिळून १९८६ साली युनिसिस झाली. पण नव्या मालकाला पत्र लिहून चाळीस वर्षांपूर्वीचं मॅन्युअल मिळालंय असं माझ्या तरी पाहण्यात नाही. कंपन्यांचे कागद शेवटी संग्रहालयांत आणि विद्यापीठांत जातात. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम, मिनेसोटा विद्यापीठात चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची कागदपत्रं डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या डीगोलियर ग्रंथालयात आहेत. ईमेल नम्र लिहा, क्रमांक द्या, आणि 'सगळं पाठवा' असं म्हणू नका.

पैसे घेऊन पीडीएफ देणाऱ्या साइट खऱ्या असतात का?

काही असतात. बऱ्याच ठिकाणी मात्र फुकट असलेलीच फाइल वॉटरमार्क मारून विकतात. तीनही ठिकाणी शोधून झाल्याशिवाय खिशात हात घालू नका.

पुण्यात कागदी मॅन्युअल मिळण्याची शक्यता आहे का?

आहे, आणि लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त. हे शहर कॉम्प्युटरच्या बाबतीत जुनं आहे. ब्रिटिश आयसीएलच्या भारतीय कंपनीचा, आयसीआयएमचा, कारखाना इथेच होता. त्याच कंपनीची पुढे झेन्सार झाली. टाटांचं संशोधन केंद्र इथे १९८१ साली सुरू झालं, सी-डॅक १९८८ साली. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), हवामान खातं, विद्यापीठ, लष्कराच्या प्रयोगशाळा आहेतच. या सगळ्यांत कुठे ना कुठे टर्मिनलं होती आणि ती चालवणारी माणसं आज कोथरूड, सहकारनगर, औंधमध्ये निवृत्त आयुष्य जगताहेत. आयबीएमने १९७८ साली भारत सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेली. त्या काळात फील्डवर फिरलेल्या इंजिनिअरांकडे स्वतःच्या हाताने काढलेल्या सर्किटच्या वह्या असतात. मला विचाराल तर छापील मॅन्युअलपेक्षा ती वही मोलाची, कारण छापील पुस्तकात कुठे चूक आहे तेही तिच्यात लिहिलेलं असतं.

शोधायची जागा पहिली: डेडस्टॉक रजिस्टर. कॉलेज किंवा सरकारी प्रयोगशाळेत तुमची ओळख असेल तर 'जुनी मॅन्युअलं आहेत का' असं विचारू नका, 'नाही' हेच उत्तर येतं. डेडस्टॉक रजिस्टर बघू का, असं विचारा. त्यात यंत्राचं नाव, सिरिअल नंबर, पुरवठादार आणि खरेदीची तारीख मिळते. निर्लेखन झालं असेल, म्हणजे यंत्र नोंदीतून काढून टाकलं असेल, तर त्याचीही नोंद असते. यंत्र भंगारात गेलं तरी खरेदीची फाइल बऱ्याचदा उरते आणि मॅन्युअल त्या फाइलीलाच टाचलेलं असतं, कारण बिल पास करताना 'सोबतचे साहित्य मिळाले' असा शेरा मारायला कोणीतरी ते तिथे लावलेलं असतं. ग्रंथालयात मात्र ते क्वचितच सापडतं. मॅन्युअलला कोणी पुस्तक मानलंच नाही.

दुसरी जागा: जुना बाजार, बुधवार आणि रविवार. यंत्रं मिळतात, कागद सहसा नाही. पण यंत्राच्या सूटकेसच्या झाकणात एक खिसा असतो, त्यात हात घालून बघा. चार पानांचं घडीचं कार्ड मिळालं तरी स्विचांचा प्रश्न सुटतो.

तिसरी जागा: रद्दी. इथे जरा सविस्तर सांगतो. एका निवृत्त इंजिनिअरच्या घरी त्यांच्या पश्चात मी उशिरा पोचलो. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या फायली मागच्याच आठवड्यात दिल्या हो. अकरा किलो भरल्या." दुकानाचा पत्ता घेऊन तसाच गेलो. फायली पुढे गेल्या होत्या. निघणार तेवढ्यात फळीवर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली निळसर रेघांचा मोठा कागद दिसला. पॉवर सप्लायचा नकाशा, तीन घड्यांचा. फळीवर अंथरायला मोठा कागद बरा पडतो म्हणून दुकानदाराने तेवढे काढून ठेवले होते.

"काका, हे कितीला?"

"ते विकायचं नाही. फळीवर घातलंय."

शेवटी समोरच्या दुकानातून ब्राउन पेपरचा रोल आणला, त्यांच्या सगळ्या फळ्यांना स्वतः अंथरून दिला आणि बदल्यात पाच नकाशे घेतले. एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, नेमकं रेग्युलेटरच्या ट्रान्झिस्टरवर. त्याचा क्रमांक अजून भिंगातून वाचतोय.

माहितीच्या अधिकारात मागता येईल का?

सरकारी संस्थेकडून, दहा रुपयांत, हो. पण ज्या क्लार्कने एरवी चहा पाजून कपाट उघडून दिलं असतं, तोही मग लेखी उत्तर देईल. करू नका.

माझ्या मॉडेलचं काहीच मिळत नाही. आता?

आधी भावंडं शोधा. टीआरएस-८० मॉडेल १०० क्योसेराने बनवलं होतं, आणि त्याच कुटुंबात ऑलिव्हेट्टी एम१० आणि एनईसी पीसी-८२०१ए आहेत. तिघांचे बोर्ड तंतोतंत एक नाहीत, पण एकाच्या दुरुस्तीच्या मॅन्युअलवरून दुसऱ्याची रचना बरीचशी समजते. अशी भावंडं टर्मिनलांतही भरपूर.

मग जाहिराती. बाइट मासिकाचे १९७५पासूनचे अंक स्कॅन झालेले आहेत. डेटाप्रोचे अहवाल त्याहून उपयोगी, त्यात टर्मिनलांची तुलना कोष्टकात असते: वेग, कोड, जोडणी, किंमत. जाहिरातीवरून यंत्र दुरुस्त होत नाही, पण ते ३०० बॉडचं आहे की १२०० बॉडचं हे कळतं.

शेवटी यंत्रालाच विचारायचं. आत यूएआरटी नावाची आयसी असते, जी अक्षराचे बिट एकामागोमाग एक करून तारेवर सोडते. तिच्या क्रमांकावरून डेटाशीट मिळतंच. यंत्राचं मॅन्युअल हरवतं, आयसीचं सहसा नाही. या आयसीला वेगाच्या सोळापट घड्याळ लागतं. त्या पिनवर ४८०० हर्ट्झ मिळाले तर यंत्र ३०० बॉडवर आहे, १७६० मिळाले तर ११० वर. स्विच हलवत जा, मोजत जा, वहीत लिहीत जा. दोन तासांत तुमचं स्वतःचं मॅन्युअल तयार होतं.

पॅरिटीसाठी (चूक पकडायला प्रत्येक अक्षराला जोडलेला जादा बिट) तर मीटरही नको. टर्मिनल पीसीला जोडा, पीसीवर आठ बिट आणि पॅरिटी नाही असं ठेवा, मग टर्मिनलवरून इंग्रजी कॅपिटल ए ते जी दाबा. ए, बी, डी, जी नीट आले आणि सी, ई, एफ गचाळ आले, तर टर्मिनल सम पॅरिटी लावतंय. बरोबर उलट झालं तर विषम. याचं कारण एवढंच की पहिल्या चौघांच्या कोडमध्ये एकच्या बिटांची संख्या सम आहे आणि उरलेल्या तिघांत विषम.

आणि खिडकीवाली ईप्रॉम, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम साठवणारी आयसी, दिसली तर तिच्यावरचं स्टिकर काढू नका. थेट उन्हात आठवडाभरात ती पुसली जाऊ शकते. स्टिकरवरचा क्रमांक लिहून घ्या, शक्य असेल तर आतली माहिती ईप्रॉम प्रोग्रामरवर वाचून ठेवा. तोही दस्तऐवजच.

मॅन्युअल मिळेपर्यंत नुसतं चालू करून बघू का?

नका. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११५ व्होल्टचं असतं, आपल्या भिंतीत २३० आहेत. मी हा प्रयोग एकदा केलाय. मागचा सिलेक्टर स्विच २३०वर आहे असं मला वाटलं होतं. तो फ्यूजच्या टोपीवरचा शेरा निघाला. फ्यूज उडाला तो नशिबाने लवकर उडाला.

पट्टीवर ११५ असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला विचारलंत तर मिळेल, पण दुकानदाराला पट्टीवरचे अँपिअर सांगा, नुसतं 'छोटा द्या' म्हणू नका. योग्य ट्रान्सफॉर्मर असला तरी सप्लायच्या तोंडाशी असलेला पारदर्शक तपकिरी चौकोनी कपॅसिटर बघा. त्याच्या कवचावर केसासारख्या भेगा असतील तर आधी तो बदला, नाहीतर दहा मिनिटांत घरभर असा वास सुटतो की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात.

बॅटरी असेल तर ती फुटली आहे असंच धरून चाला. निकेल-कॅडमियमच्या आसपास हिरवट पूड दिसते. आणि मॉडेल १०० असेल तर त्याचा अडॅप्टर ६ व्होल्टचा, पण आतली पिन ऋण असते. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे. हे वाक्य मॅन्युअल मिळालं नाही तरी पाठ करून ठेवा.

त्या रबरी वाट्या चालतात का, हे कसं बघू? मोबाइल त्यात बसत नाही.

बसणारच नाही. त्या अमेरिकन टेलिफोनच्या गोल तोंडाच्या रिसीव्हरसाठी केलेल्या आहेत. आपल्याकडच्या जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हरही काही कपलरमध्ये तिरका बसतो.

तरी तपासता येतं. बहुतेक अमेरिकन कपलर बेल १०३ पद्धतीचे. फोन करणारं टर्मिनल १२७० आणि १०७० हर्ट्झवर बोलतं, आणि समोरचा २२२५ आणि २०२५ वर उत्तर देतो. मोबाइलवर कोणतंही टोन काढायचं ॲप घ्या, २२२५ लावा आणि स्पीकर त्या वाटीवर धरा जिच्यात एरवी रिसीव्हरची कानाची बाजू बसते. कॅरिअरचा (समोरचा सूर ऐकू आल्याचा) दिवा लागला तर ऐकणं शाबूत आहे. दुसऱ्या वाटीतून शिट्टी ऐकू आली तर बोलणंही. पहिल्यांदा तो दिवा लागला तेव्हा मी घरच्यांना हाका मारून बोलावलं होतं. कोणी आलं नाही.

कागदाचा रोल कुठला?

सायलेंट ७००सारखी यंत्रं उष्णतेने छापतात, म्हणून नाव सायलेंट. मूळ कागद साडेआठ इंची, म्हणजे साधारण २१६ मिलिमीटर. फॅक्सचा २१० मिलिमीटरचा रोल किंचित अरुंद पडतो पण प्रयोगापुरता चालतो. कोणती बाजू वर, हे बघायला नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटली ती छापायची बाजू. आणि थर्मल कागदावर जुनं काही छापलेलं सापडलं तर आधी फोटो काढा. ते दर उन्हाळ्यात फिकं होत जातं.

मला कागद सापडले आहेत. स्कॅन कसे करू?

मजकुराची पानं ४०० डीपीआय, काळीपांढरी, करड्या छटा फक्त फोटोंसाठी. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि कोरी पानंसुद्धा घ्या, कारण क्रमांक आणि तारीख बऱ्याचदा मलपृष्ठाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. मोठ्या घड्यांचे नकाशे तुकड्यातुकड्यांत स्कॅन करून जोडत बसू नका. आर्किटेक्टांची ड्रॉइंग छापणाऱ्या दुकानांत रुंद स्कॅनर असतो, तिथे एका दमात होतं.

झेरॉक्सच्या दुकानात मूळ प्रत ठेवून जाऊ नका. माझ्या एका मॅन्युअलची बांधणी 'साहेब, सपाट बसत नव्हती' म्हणून कटरने उडवली गेली, आणि त्याबरोबर डाव्या बाजूचं पेन्सिलने लिहिलेलं सगळं.

पेन्सिलचे शेरे पुसू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण एकाने पुसले होते.

स्कॅन करून सगळ्यांना देणं कायद्यात बसतं का?

मी वकील नाही. आपल्या १९५७च्या कायद्यात स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापराला सूट आहे. सगळ्या जगाला वाटणं हा वेगळा प्रश्न. अमेरिकेत १९७८पूर्वी हक्काची सूचना न छापता प्रसिद्ध झालेलं पुस्तक तिथे खुलं मानलं जातं, म्हणून आतलं दुसरं पान नीट बघा. हक्क कुणाचा आहे याबद्दल शंका असेल तर स्कॅन करून संग्रहांना विचारा, प्रसिद्ध करायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

मूळ कागदाचं काय करू? कसर लागलीय.

पावसाळ्याआधी बाहेर काढा, सावलीत वारा द्या, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून पानं दोऱ्याने किंवा सुती फितीने बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका, पुण्याच्या जुलैत आत बुरशीची शेती होते. सेलोटेप कुठेही नको.

तुमच्याकडून मॅन्युअल मिळेल का?

असेल तर हो, पीडीएफ, फुकट. मूळ प्रत देत नाही, उसनीही नाही. विचारताना मात्र चार फोटो पाठवा: यंत्र समोरून, मागची सॉकेटं, तळाची पट्टी आणि झाकण काढता आलं तर बोर्डाची कड. 'जुनं टर्मिनल आहे, किंमत किती येईल' एवढंच लिहिलंत तर मला उत्तर देता येणार नाही. आणि पट्टीचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. धातूवर उजेड चमकतो आणि नेमका सिरिअल नंबरच पांढरा होतो.